खंजिरी भजनाच्या ध्वनिमुद्रणासाठी पहिला रेकॉर्डर: टॅस्कॅम डीआर-०५एक्स की झूम एच१एन?

खंजिरी, हार्मोनियम, तबला, टाळ आणि झील धरणारे आठ-दहा जण देवळाच्या सभामंडपात एकत्र गात असतील, ते सारे नीट टिपून ठेवायचे असेल आणि मंडळाच्या पेटीत पंधरा हजारांपेक्षा जास्त रक्कम नसेल, तर हातात मावणारा एकच स्टिरिओ रेकॉर्डर घ्यावा आणि तो टॅस्कॅम डीआर-०५एक्स असावा, असे माझे मत आहे. विदर्भातील तिवसा (जि. अमरावती) आणि आर्वी (जि. वर्धा) या दोन तालुक्यांतील भजन मंडळांसोबत बसून हा रेकॉर्डर आणि त्याचा नेहमीचा प्रतिस्पर्धी झूम एच१एन असे दोन्ही वापरल्यानंतर ते बनले आहे. काही ठिकाणी झूम सरस ठरतो, त्या जागाही पुढे येतीलच.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे (१९०९–१९६८) खंजिरी आमच्या भागात घरोघरी पोहोचली. त्यांचा आश्रम असलेल्या मोझरीच्या परिसरात तर जवळपास प्रत्येक गावात एखादे मंडळ आजही टिकून आहे. या मंडळांतील जुन्या गायकांच्या चाली कुठेही लिहून ठेवलेल्या नाहीत, त्या केवळ गळ्यात आहेत, आणि म्हणूनच त्यांचे चांगले ध्वनिमुद्रण व्हावे याची मला मनापासून तळमळ आहे. सध्या मंडळे मोबाइलवर मुद्रण करतात. ते ऐकून एका ज्येष्ठ वादकाने मला विचारले होते, "गुरुजी, माही खंजिरी अशी फाटल्यावानी काऊन वाजते?" या प्रश्नाचे उत्तर मिळाले की कोणते यंत्र घ्यावे हेही बरेचसे ठरते.

मोबाइलचा माइक आणि त्यामागची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली असते. आवाज कमी झाला की ती आपोआप पातळी वाढवते आणि मोठा आवाज आला की दाबते. त्यामुळे खंजिरीवर थाप पडली की गायकाचा आवाज क्षणभर मागे सरतो आणि दोन ओळींमधल्या विरामात पंख्याची घरघर पुढे येते. बऱ्याच फोनमध्ये गोंगाट कमी करण्याची सोयही सतत चालू असते. सलग, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असे ती मानते, आणि हार्मोनियमचा धरलेला सूर नेमका तसाच असल्याने तो पातळ होतो. खंजिरीची थाप आणि तिच्या चकत्यांचा झणत्कार हे फार कमी वेळ टिकणारे, पण अतिशय उंच शिखराचे आवाज असतात. पातळी आधीच वाढलेली असताना असे शिखर आले की ते वरून कापले जाते, आणि कानाला तो आवाज फाटल्यासारखा लागतो. एकदा कापले गेलेले शिखर नंतर संगणकावर पूर्ववत होत नाही.

यावर उपाय म्हणून काही जण संगणकाला जोडायचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी डबी) आणि दोन माइक घ्यायला सुचवतात. फोकसराइट स्कार्लेट २आय२ सारखे इंटरफेस खरोखर चांगले असतात आणि घरात बसून एकट्याचे गाणे मुद्रित करायचे असेल तर मीही तेच सुचवेन. गावातल्या कार्यक्रमात मात्र त्यासोबत लॅपटॉप, माइक, माइकचे स्टँड, तारा आणि वीज असे सगळे लटांबर न्यावे लागते. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, लॅपटॉपचा पंखा शांत जागी ऐकू येतो, आणि भजनाला आलेली लहान मुले तारांवरून धावतात. एवढे सांभाळणारा माणूस भजनात बसूच शकत नाही. सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरमध्ये माइक, कार्ड आणि मुद्रणाची यंत्रणा एकाच डबीत असल्याने तो मांडायला दोन मिनिटे पुरतात, आणि मुद्रण करणाऱ्याला टाळ हाती घेता येतो.

टॅस्कॅम आणि झूम या दोन्ही जपानी कंपन्या आहेत. एच१एन २०१८ मध्ये आणि डीआर-०५एक्स २०१९ मध्ये बाजारात आला. दोन्ही २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत (आवाज किती बारकाईने नोंदवला जातो याची ही मापे) वेव्ह प्रकारात, म्हणजे न दाबलेल्या फाइलमध्ये, मुद्रण करतात आणि दोन्हींची किंमत दहा हजारांच्या आगेमागे असते. ती दुकानाप्रमाणे व हंगामाप्रमाणे बदलते. कागदावर हे दोघे जुळे भाऊ वाटले, तरी त्यांच्या माइकांच्या रचनेत मोठा फरक आहे आणि भजनासाठी तोच निर्णायक आहे. एच१एनचे दोन माइक एकमेकांशी ९० अंशांचा कोन करून बसवलेले आहेत आणि ते समोरचा आवाज अधिक, मागचा कमी घेतात. डीआर-०५एक्सचे माइक चारही दिशांचा आवाज जवळजवळ सारखाच घेतात. गायक रंगमंचावर आणि श्रोते समोर अशी मांडणी असेल तर झूमची रचना उपयोगी पडते, कारण मागे बसलेल्यांचे खोकणे, बोलणे कमी येते. आमचे भजन मात्र गोल करून किंवा समोरासमोर दोन रांगा धरून बसते. मध्ये एच१एन ठेवला तर एक रांग जवळची आणि दुसरी दूरची वाटते. डीआर-०५एक्स मध्यभागी ठेवला की झीलकरीही मुख्य गायकाइतकेच नीट ऐकू येतात. ओंजळीत धरल्यासारखा सगळा मेळ त्यात उतरतो.

दुसरा फरक सहन करता येणाऱ्या आवाजाचा आहे. कंपन्यांच्या माहितीनुसार एच१एनचे माइक १२० डेसिबलपर्यंत आणि डीआर-०५एक्सचे १२५ डेसिबलपर्यंतचा आवाज विकृती न येता घेतात. ५ डेसिबल वाचायला किरकोळ वाटतात, पण भजनाच्या शेवटी लय चढते, सगळे टाळ एकदम वाजू लागतात आणि खंजिरीवाला रंगात येतो, त्या वेळी ही जास्तीची जागा कामी येते.

वापरण्याच्या दृष्टीने एच१एन अधिक सोपा आहे, हे मान्य केले पाहिजे. पातळी कमी-जास्त करायला ठळक फिरते चाक आहे आणि मोठे लाल बटण एकदा दाबले की मुद्रण सुरू होते. डीआर-०५एक्सचे तसे नाही. तेथे मुद्रणाचे बटण पहिल्यांदा दाबल्यावर दिवा लुकलुकू लागतो. याचा अर्थ यंत्र केवळ तयार आहे, पातळी दाखवत आहे, पण काहीही नोंदवत नाही. पुन्हा दाबल्यावर दिवा स्थिर होतो, पडद्यावरचा वेळ पुढे सरकू लागतो आणि तेव्हाच मुद्रण सुरू झालेले असते. ज्याच्या हाती यंत्र द्यायचे त्याला ही गोष्ट आधी नीट दाखवून द्यावी. या तयारीच्या अवस्थेचा मला स्वतःला फार उपयोग वाटतो, कारण वाद्ये लावण्याच्या वेळातच पातळी शांतपणे ठरवता येते. एच१एनचे चाक जितके सोयीचे तितकेच ते उघड्यावर आहे आणि सदऱ्याच्या बाहीचा धक्का लागूनही फिरू शकते. शिवाय त्याचे प्लास्टिकचे अंग हात लागला की खडखडते, त्यामुळे दोन्ही यंत्रे, विशेषतः एच१एन, हातात न धरता लहान तिपाईवर बसवावीत. दोन्हींच्या पाठीला कॅमेऱ्याच्या तिपाईचा नेहमीचा आटा दिलेला आहे.

पातळी आपोआप ठरवण्याची सोय दोन्ही यंत्रांत आहे आणि भजनासाठी ती बंदच ठेवावी. ती चालू ठेवली तर मोबाइलचे दोष दहा हजार रुपये देऊन पुन्हा विकत घेतल्यासारखे होईल. सुरुवातीच्या नमनाच्या संथ ओळींवर पातळी ठरवू नये, कारण त्या वेळी सगळेच जपून गातात. मंडळाला विनंती करून शेवटच्या गजराचे एक आवर्तन पूर्ण जोराने वाजवून घ्यावे आणि त्या वेळी सर्वांत उंच शिखर पडद्यावरच्या पट्टीत उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी (शून्याला आवाज कापला जातो). २४ बिटांच्या मुद्रणात एवढी मोकळी जागा सोडल्याने गुणवत्तेचे नुकसान होत नाही, आणि ऐकताना आवाज कमी वाटला तर तो नंतर वाढवता येतो. अचानक आलेले शिखर आवरणारी लिमिटरची सोय चालू ठेवायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर पातळी चढवू नये. खालचे सूर गाळण्याचीही सोय दोन्हीकडे आहे. वाऱ्याची घुरघुर आणि जमिनीची थरथर तिने कमी होते, मात्र तबल्याच्या डग्ग्याचा किंवा मृदंगाच्या धुमेचा भरदारपणाही खालच्या सुरांतच असतो, म्हणून बंद सभामंडपात ती वापरू नये.

खरे सांगायचे तर, यंत्र कोणते यापेक्षा ते कोठे ठेवले यावर निकाल अधिक ठरतो. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की त्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. याचा अर्थ असा की मिक्सर नसतानाही केवळ बैठक थोडी सरकवून वाद्यांचा तोल साधता येतो. रेकॉर्डर बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, मुख्य गायकापासून साधारण एक मीटरवर ठेवावा, हार्मोनियम गायकाच्या शेजारी असतेच, तबला त्याच्या दुसऱ्या बाजूला घ्यावा आणि खंजिरी व टाळ दोन मीटर किंवा त्याहून मागे बसवावेत. खंजिरीवाल्याला "मागे बसा" असे सांगणे कित्येकदा अवघड जाते, कारण मंडळात त्याचा मान असतो. अशा वेळी मी त्यांना हेडफोन लावून दोन्ही जागांवरचे मुद्रण ऐकवतो आणि मग ते स्वतःच मागे सरकतात. हे प्रत्येक मंडळाने करून पाहावे, कारण वादकाला स्वतःच्या वाद्याचा तोल वाजवताना कळत नाही.

छत पत्र्याचे असेल तर आवाज घुमतो. सभामंडप सिमेंटचा आणि रिकामा असेल तर त्याहूनही जास्त घुमतो. सतरंज्या अंथरल्याने, भिंतीलगत न बसता मध्ये बसल्याने आणि श्रोते जमल्यावर मुद्रण केल्याने पुष्कळ फरक पडतो. डीआर-०५एक्सला सगळीकडचे ऐकू येत असल्याने घुमणाराही आवाज तो अधिक घेतो, ही त्याची खरी मर्यादा आहे, आणि अशा मंडपात यंत्र गायकाच्या आणखी जवळ नेणे एवढाच इलाज उरतो.

कार्यक्रमाला ध्वनिक्षेपक लावलेला असेल तर प्रश्न वेगळा होतो. अनेकांना वाटते की ॲम्प्लिफायरमधूनच तार जोडून घेतली की काम झाले. ॲम्प्लिफायरच्या मागे लाइन आउट (दुसऱ्या यंत्राला आवाज देण्याची जागा) असेल तर तेथून रेकॉर्डरच्या ३.५ मिलिमीटरच्या जागेत आवाज घेता येतो, पण रेकॉर्डरची पातळी अगदी खाली आणूनच तार जोडावी. भोंग्याकडे जाणारी तार मात्र रेकॉर्डरला कधीही जोडू नये. गावोगावी लावले जाणारे भोंगे बहुधा १०० व्होल्टच्या वाहिनीवर चालतात आणि ती वाहिनी जोडली तर रेकॉर्डर तत्क्षणी जळेल, शिवाय माणसालाही इजा होऊ शकते. लाइन आउटमधून येणाऱ्या आवाजात माइकसमोर जे असेल तेवढेच येते. गायक आणि हार्मोनियम स्वच्छ येतात, खंजिरी मात्र माइकशिवाय वाजत असल्याने दूर कोठेतरी हरवते. तार जोडल्यावर या यंत्रांचे स्वतःचे माइक बंद होतात, म्हणून दोन्ही एकत्र मिळत नाहीत. ते हवे असेल तर टॅस्कॅमचाच डीआर-४०एक्स घ्यावा लागतो. त्यात स्वतःच्या माइकांसोबत मोठ्या माइकच्या तारा जोडायला दोन जागा आहेत आणि चार मार्गांवर वेगवेगळे मुद्रण होते. तो अर्थातच महाग आहे, आणि नवशिक्या मंडळाने तेथून सुरुवात करण्याची गरज नाही. माझी पसंती अशी, की मुद्रणासाठी एखादी संध्याकाळ वेगळी काढावी आणि त्या दिवशी ध्वनिक्षेपक लावूच नये.

पूर्व विदर्भातील वाचकांना हेच मत जसेच्या तसे लागू होणार नाही. वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यात दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. प्रयोग रात्रभर चालतात, नट व गायक समोर मंचावर असतात आणि मागे खूप मोठा प्रेक्षकवर्ग असतो. तेथे चारही दिशांचे ऐकणारे यंत्र गैरसोयीचे ठरते, आणि म्हणून झाडीपट्टीसाठी मी एच१एन किंवा माइकांची दिशा बदलता येणारा टॅस्कॅम डीआर-०७एक्स सुचवेन. दंडार किंवा खडी गंमत यांसारखे लोकनाट्य मोकळ्या जागेत, चहूबाजूंनी प्रेक्षक घेऊन होत असेल तर मात्र पुन्हा डीआर-०५एक्सच बरा. व्यावसायिक नाट्यमंडळाचे मुद्रण संमतीशिवाय करू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कलावंतांना आपल्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे, आणि कायदा नसता तरी विचारून करणे हेच योग्य आहे.

झूमने २०२४ मध्ये एच१एसेन्शियल आणला. त्यात ३२ बिट फ्लोट पद्धतीने मुद्रण होत असल्यामुळे पातळी ठरवण्याचे चाकच नाही. आवाज कमी-जास्त झाला तरी तो नंतर संगणकावर हवा तसा आणता येतो. घरी संगणक असेल आणि ऑडॅसिटीसारखे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर वापरण्याची सवय असेल, त्या एकट्या तरुण हौशी माणसासाठी आज तोच घ्यावा असे मी म्हणेन. मंडळासाठी तो सुचवताना मी थांबतो. एक तर माइकची १२० डेसिबलची मर्यादा तेथेही कायम आहे. दुसरे असे की या प्रकारच्या फाइल सर्वच मोबाइलवर नीट वाजतील असे नाही, आणि प्रत्येक भजनावर संगणकाची प्रक्रिया करणारा माणूस गावात असेलच असेही नाही. डीआर-०५एक्समध्ये पातळी नीट ठरवून केलेले मुद्रण कार्डावरून थेट ऐकता येते.

सेलांबाबत थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. डीआर-०५एक्सला दोन पेन्सिल सेल, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाला लागतात ते, आणि एच१एनला त्याहून बारीक, रिमोटचे दोन सेल लागतात. अल्कलाइन सेलवर टॅस्कॅम सुमारे १७ तास आणि झूम सुमारे १० तास चालतो असे कंपन्या सांगतात. किराणा दुकानात मिळणारे स्वस्त सेल बहुधा अल्कलाइन नसतात आणि ते यापेक्षा खूप लवकर संपतात, म्हणून पाकिटावर अल्कलाइन असे लिहिलेले पाहूनच घ्यावे. पुन्हा चार्ज होणारे सेल घेतले तर वर्षभरात खर्च वसूल होतो, मात्र त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असल्याने यंत्राच्या मेनूमध्ये सेलचा प्रकार बदलून घ्यावा. नाहीतर सेल भरलेले असतानाही ते संपत आल्याचे यंत्र दाखवते. पॉवर बँकेवरही दोन्ही यंत्रे चालतात, पण वीज फारच कमी खेचली जात असल्याचे पाहून काही पॉवर बँका आपोआप बंद होतात, तेव्हा महत्त्वाच्या मुद्रणाआधी घरी खात्री करावी. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. सेल घातलेले यंत्र त्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये.

कार्डासाठी ३२ जीबी पुरेसे आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका तासाला साधारण १ जीबी लागतो, म्हणजे सुमारे ३० तासांचे मुद्रण त्यात बसते. एच१एन ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड घेत नाही, डीआर-०५एक्स १२८ जीबीपर्यंत घेतो. नावाजलेल्या कंपनीच्या नावाखाली बनावट कार्डे सर्रास विकली जातात, त्यामुळे कार्ड पावतीसह घ्यावे आणि वापरण्याआधी रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करावे. उघड्यावर मुद्रण करायचे असेल तर केसाळ लोकरीसारखी वाऱ्याची टोपी हवीच. कोजागरीच्या रात्री मोकळ्या पटांगणात हलकी झुळूकही माइकवर घोंघावते आणि साधी फोमची टोपी तिला पुरत नाही. यासोबत कान पूर्ण झाकणारा साधा हेडफोन घ्यावा, कारण ऐकल्याशिवाय केलेले मुद्रण हे केवळ पडद्यावरच्या पट्ट्या पाहून केलेले असते.

ज्या मंडळाला दहा हजारही जड जात असतील त्यांनी थांबून राहू नये. बोया बीवाय-एम१ सारखा तारेचा, कॉलरला लावायचा माइक हजाराच्या आसपास मिळतो, त्याची तार ६ मीटरची असते आणि तो चारही दिशांचा आवाज घेतो. फोन विमान मोडवर टाकून, पातळी हाताने ठरवू देणाऱ्या ॲपमध्ये वेव्ह प्रकारात मुद्रण केले तर मोबाइलच्या नेहमीच्या मुद्रणापेक्षा ते निश्चित बरे होते. ते स्टिरिओ नसते आणि खंजिरीच्या थापेला तो माइक लवकर शरण जातो, त्यामुळे भजनाऐवजी अभंग किंवा एकट्याची गवळण असेल तेव्हाच मला तो पटतो.

नागपुरात सीताबर्डीला जाऊन यंत्र घेणे किंवा ऑनलाइन मागवणे, दोन्ही चालेल, पण पक्के बिल आणि भारतातील हमीपत्र पाहूनच पैसे द्यावेत. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी तारीख व वेळ लावून घ्यावी, कारण सेल बराच काळ काढून ठेवले की घड्याळ मागे जाते आणि मग फाइलच्या तारखेवर विसंबता येत नाही. म्हणून मुद्रण सुरू झाल्यावर, पहिला सूर लागण्याआधी, एकाने स्पष्ट आवाजात गावाचे नाव, तिथी व तारीख, भजनाची पहिली ओळ आणि गायक-वादकांची नावे सांगावीत, आणि त्याच रात्री फाइलची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावी.